अंबोसेली: पाणी कुणाच्या वाट्याचं?

किलिमांजारो टांझानियात आहे, पण त्याच्यावर पडलेलं पाणी लाव्हाच्या खडकांतून झिरपत सीमेपलीकडे, केनियातल्या अंबोसेलीत वर येतं. सगळीकडे फुफाटा आणि मधोमध बारमाही दलदल. पोटापर्यंत पाण्यात उभं राहून गवत उपटणारे हत्ती. फोटोंमधून आपल्या ओळखीचं झालेलं अंबोसेली ते हेच. त्याच काठांवर मसाई या पशुपालक जमातीची गुरं पिढ्यान्‌पिढ्या पाणी पीत आली, हे त्या फोटोंत येत नाही.

१९०४ आणि १९११च्या करारांनी ब्रिटिशांनी मसाईंना उत्तरेकडच्या चांगल्या कुरणांतून उठवून दक्षिणेच्या कोरड्या पट्ट्यात आणलं. मग १९७४ साली स्वतंत्र केनियाने इथलं ३९२ चौरस किलोमीटरचं राष्ट्रीय उद्यान जाहीर केलं. नकाशावर तुकडा लहानच, पण उन्हाळ्यात गुरं जगवणारं पाणी नेमकं त्यात गेलं. बदल्यात उद्यानाबाहेर नळाने पाणी आणि चराईचा मोबदला द्यायचं ठरलं. पाणी योजना रखडत गेली, मोबदला काही वर्षांत थांबला आणि गुराखी पुन्हा दलदलीकडे वळले. पाऊस पडला की झेब्रे, वाइल्डबीस्ट, हत्ती उद्यान सोडून मसाईंच्याच रानात चरायला येत. म्हणजे सरकारची जनावरं यांच्या कुरणात पाहुणी, आणि यांची गुरं हद्दीत शिरली की गुन्हा! या काळात मोरान, म्हणजे मसाईंचे तरुण योद्धे, गेंडे आणि हत्ती भाल्याने मारत. त्याला नुसती शिकार म्हणणं चूक ठरेल. तो निषेध होता.

सूर बदलला तो १९९०च्या दशकात. १९९६मध्ये किमाना इथे मसाईंनी आपल्याच सामूहिक जमिनीवर अभयारण्य उघडलं. २००३पासून जवळच्या म्बिरिकानी भागात सिंहाने मारलेल्या गुरांची भरपाई मिळू लागली. पाहणी करणारा माणूस येऊन पंचनामा करतो. काटेरी कुंपण कच्चं असेल तर रक्कम कापली जाते.

मला मात्र सगळ्यात विलक्षण वाटतं ते २००७ साली सुरू झालेलं ‘लायन गार्डियन्स’ (सिंहांचे राखणदार) हे काम. पूर्वी सिंह मारणाऱ्या मोरानाला नवं नाव मिळायचं, मानाचं. आता तेच मोरान पगारावर सिंहांचा माग काढतात, गुराख्यांना ‘आज त्या अंगाला जाऊ नका’ म्हणून सांगतात, हरवलेली गुरं शोधून देतात. आणि प्रत्येक सिंहाला मसाई भाषेतलं नाव देतात. नाव माणसाकडून सिंहाकडे गेलं. यांतले कित्येक जण नोंदी ठेवता याव्यात म्हणून या कामावरच लिहायला-वाचायला शिकले.

केनियाच्या २०१३च्या वन्यजीव कायद्याने अशा लोकसंरक्षित क्षेत्रांना मान्यता दिली. तोवर प्रश्न जमिनीकडे सरकला होता. सामूहिक कुरणांची कुटुंबागणिक वाटणी होत आहे. काही जण आपला तुकडा वन्यप्राण्यांसाठी मोकळा ठेवून भाडं घेतात, काही कुंपण घालून शेती करतात. किमानाजवळ हत्तींच्या येण्याजाण्याच्या पट्ट्यात ॲव्होकॅडोची मोठी शेती उभी राहू लागली, तेव्हा शेजारचे जमीनमालकही विरोधात उतरले आणि प्रकरण पर्यावरण न्यायाधिकरणापर्यंत गेलं. वाद हत्तींच्या वाटेचा होताच, पण पाण्याचाही होता. ॲव्होकॅडोला ते भरपूर लागतं.