हातातला गेमिंग पीसी: स्टिक सरकते, बटण चालत नाही, तेव्हा आधी घरी काय तपासावे

‘स्टिक आपोआप सरकते, नवीन बसवून द्या’ अशी मागणी घेऊन स्टीम डेक किंवा आरओजी अलाय, म्हणजे हातात धरून खेळायचा गेमिंग पीसी, दुरुस्तीला येतो. पण दोष दर वेळी स्टिकमध्ये, म्हणजे अंगठ्याने फिरवायच्या दांडीत, असतोच असे नाही. बटण दाबल्यापासून गेममधला माणूस हलेपर्यंत मध्ये चार टप्पे असतात: सुटा भाग, यंत्राची सिस्टिम, त्या गेमसाठी लावलेला लेआउट (कोणते बटण काय करेल याची मांडणी) आणि खुद्द गेमची सेटिंग. बिघाड कोणत्या टप्प्यावर आहे ते आधी ठरवा. भाग बदलायचा निर्णय त्यानंतरच घ्यावा, हा आमचा आग्रह आहे. तपासणीला दहा मिनिटे लागतात आणि एक पैसाही खर्च होत नाही.

गेम बंद करून सुरुवात करा. स्टीम डेकवर स्टीम बटण दाबून सेटिंग्ज, मग कंट्रोलर उघडा. तिथे इनपुट तपासण्याचा पडदा मिळतो. अलायवर विंडोजच्या शोधपट्टीत ‘गेम कंट्रोलर’ टाइप केले की यूएसबी गेम कंट्रोलरची खिडकी येते. त्यात प्रॉपर्टीज उघडा. स्टिकची जागा दाखवणारा ठिपका दिसेल. स्टिक डावीकडे पूर्ण नेऊन सोडा आणि ठिपका कुठे थांबतो ते पाहा. मग उजवीकडे, वर, खाली. प्रत्येक दिशेने दहा वेळा.

ठिपका दर वेळी मध्यापासून थोडा दूर, पण एकाच जागी थांबत असेल तर कॅलिब्रेशन, म्हणजे स्टिकचा मध्य कुठे आहे याची यंत्रातली नोंद, हलले आहे. भाग बहुधा शाबूत आहे. दर वेळी वेगळ्या जागी थांबत असेल तर आतली पट्टी किंवा स्प्रिंग झिजली आहे, आणि कॅलिब्रेशन कितीही वेळा केले तरी दोन दिवसांत तक्रार परत येईल. स्टिकला हात न लावता ठिपका थरथरत असेल तर बहुतेक वेळा आत धूळ किंवा घामाचा थर असतो. आणि ठिपका अगदी मध्यावर स्थिर असूनही गेममध्ये कॅमेरा फिरत असेल, तर स्टिक निर्दोष आहे. लेआउट किंवा गेमची सेटिंग तपासा.

झीज का होते? या दोन्ही यंत्रांच्या मूळ स्टिकमध्ये कार्बनच्या पट्टीवर धातूची बारीक पाती घासत फिरते आणि विद्युतरोध बदलतो, त्यावरून यंत्राला दिशा कळते. स्टिक सर्वाधिक वेळ मध्याजवळ हलते, म्हणून पट्टी तिथेच आधी झिजते. हॉल इफेक्ट स्टिकमध्ये चुंबक आणि सेन्सर एकमेकांना टेकत नाहीत, त्यामुळे ही झीज नाही. स्प्रिंग मात्र त्यातही सैल पडू शकते.

धूळ असेल तर यंत्र पूर्ण बंद करा. स्लीपमध्ये ठेवून चालणार नाही. ९९ टक्क्यांचे आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या. स्टिक एका बाजूला कलती करून कडेच्या फटीत एक-दोन थेंब सोडा, वीस-पंचवीस वेळा गोल फिरवा आणि अर्धा तास वाळू द्या. गंज सोडवायचे तेलकट स्प्रे मुळीच वापरू नका. तो थर आत राहतो आणि आणखी धूळ धरतो. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात यंत्र झाकणाच्या केसमध्ये, सिलिका जेलच्या पुडीसोबत ठेवावे.

डेडझोन: लपवण्यासाठी नव्हे

मध्याभोवतीच्या ज्या वर्तुळात स्टिकची हालचाल यंत्र मोजत नाही, तो डेडझोन. डेकवर तो कंट्रोलरच्या सेटिंग्जमध्ये डाव्या-उजव्या स्टिकसाठी वेगळा ठेवता येतो. अलायवर आर्मरी क्रेट एसई या त्याच्या सेटिंग्जच्या अ‍ॅपमध्ये. नियम एवढाच: ठिपका थरथरतो त्या वर्तुळाच्या किंचित बाहेर रेघ पडेल इतकाच ठेवा. पाच ते आठ टक्के पुरत असतील तर उत्तम. पंधराच्या वर जावे लागत असेल तर स्टिक बदलायची वेळ आली आहे. डेडझोन वाढवत नेला की नेमबाजीच्या गेममध्ये बारीक निशाणा धरताच येत नाही. आधी काहीच हलत नाही आणि मग एकदम झटका बसतो.

पुष्कळ गेमचा स्वतःचा डेडझोनही असतो. सिस्टिमचा आणि गेमचा असे दोन्ही लागले की स्टिक जड वाटते. एक ठेवा, दुसरा शून्यावर आणा. गेममध्ये तो बदलता येत नसेल तर स्टीमच्या लेआउटमध्ये अँटी-डेडझोन आहे. तो गेमची मृत जागा ओलांडून थेट पुढून सुरुवात करतो.

अलायवर गेमला बटणेच कळत नाहीत

इथे बिघाड क्वचितच असतो. अलायला तीन कंट्रोल मोड आहेत: ऑटो, गेमपॅड, डेस्कटॉप. डेस्कटॉप मोडमध्ये उजवी स्टिक माउसचे काम करते, आणि ऑटो मोड कधीकधी त्यातच अडकून राहतो. डाव्या बाजूचे कमांड सेंटर बटण दाबून मोड गेमपॅडवर न्या. मागची एम१ आणि एम२ ही बटणे मुळात दुसऱ्या बटणासोबत दाबायची जोडबटणे असतात. त्यांना वेगळे काम हवे असल्यास आर्मरी क्रेटमध्ये नेमून द्या.

एकच दाब दोनदा लागतो ही तक्रार असेल, तर गेमचा स्वतःचा कंट्रोलर सपोर्ट आणि स्टीम इनपुट (बटणांची कामे बदलून देणारी स्टीमची सोय) दोन्ही एकदम चालू आहेत का पाहा. त्या गेमपुरते स्टीम इनपुट बंद करून बघा.

डेकचा लेआउट आपल्या हाताप्रमाणे

उडी ‘ए’वर असेल तर उडी मारताना अंगठा उजव्या स्टिकवरून उचलावा लागतो आणि तेवढा वेळ निशाणा सुटतो. मागच्या एल४, एल५, आर४, आर५ या चार बटणांचा खरा उपयोग इथे आहे: ‘ए’ आर४ला द्या, ‘बी’ आर५ला. दोन दिवस बोटे चुकतील, मग सवय होईल.

एकाच बटणाला साधा दाब आणि दुहेरी दाब अशी दोन कामे दिली की साधे काम किंचित उशिरा होते. दुसरा दाब येतोय का, याची यंत्र वाट पाहत असते. गोळी झाडणे, उडी, बचाव या कामांवर दुहेरी दाब लावू नका. नकाशा आणि सामानाची पिशवी यांना चालतो.

जायरो म्हणजे यंत्र तिरपे करून निशाणा साधणे. उजव्या स्टिकच्या टोकाला अंगठा टेकला की जायरो चालू, अशी मांडणी सर्वांत सोयीची. मात्र स्टिकवर जाड रबरी टोपी चढवली असेल तर स्पर्श कळत नाही आणि जायरो ‘बंद पडला’ असे वाटते. जायरोला माउस केल्यावर पडद्यावरची बटणांची चिन्हे कीबोर्ड आणि कंट्रोलर यांत सारखी बदलत असतील, तर तो गेम दोन्ही इनपुट एकत्र घेत नाही. तिथे लेआउटमध्ये जायरोला माउसऐवजी ‘जॉयस्टिक कॅमेरा’ हा पर्याय ठेवा.

उघडायचेच असेल तर

वॉरंटीतले यंत्र उघडू नका. स्टीम डेक उघडण्याआधी मेमरी कार्ड काढा; कार्ड आत राहिले तर मागचे कव्हर उचलताना ते मोडते. बॅटरी २५ टक्क्यांखाली आणा. एलसीडी डेकच्या मागचे आठ स्क्रू दोन लांबींचे आहेत आणि थेट प्लास्टिकमध्ये बसतात. परत बसवताना प्रत्येक स्क्रू आधी उलटा फिरवा. ‘टक’ असे खाली बसल्याचे जाणवले की मगच सुलटा आवळा, नाहीतर आटे झिजतात. ओएलईडी डेकला टी६ टॉर्क्स (चांदणीच्या टोकाचा) पेचकस लागतो आणि त्याची स्टिक एलसीडीला चालत नाही. एलसीडीमध्येही स्टिकचे दोन प्रकार आहेत, म्हणून भाग मागवण्यापूर्वी जुन्या स्टिकच्या बोर्डवरची अक्षरे पाहून घ्या. सोल्डरिंग लागत नाही. नवीन स्टिक, विशेषतः हॉल इफेक्ट, बसवल्यावर कॅलिब्रेशन करावेच लागते.

आमच्याकडे आणताना चार्जर सोबत द्या, कार्ड काढून घ्या, आणि चाळीस वेळांच्या चाचणीत ठिपका कुठे कुठे थांबला त्याचा मोबाइलवर काढलेला व्हिडिओ दाखवा. यंत्र कधी पडले असेल तर तेही सांगा; वरच्या कडेचे एल१ किंवा आर१ बटण दबत नसेल तर पडण्याने आतला स्विच जागचा हलला आहे का, ते आम्ही आधी पाहतो.