मेंदूचे इंधन आणि लॅक्टेटचा वाद: पार्श्वभूमी

वाद असा: अ‍ॅस्ट्रोसाइट (चेतापेशींना आधार देणारी मेंदूतली पेशी) ग्लुकोजपासून लॅक्टेट बनवते आणि चेतापेशी ते इंधन म्हणून जाळते का? लॅक्टेट म्हणजे ग्लुकोज अर्धवट मोडल्यावर उरणारा पदार्थ. धमनीतल्या आणि मानेच्या शिरेतल्या रक्तातला फरक मोजून मेंदूचा इंधनखर्च काढायची पद्धत १९४० च्या दशकात आली. विश्रांतीत एका ग्लुकोजमागे साधारण साडेपाच ऑक्सिजन खर्च होतात. पूर्ण ज्वलनाला सहा लागतात, म्हणजे बहुतेक ग्लुकोज पूर्ण जळते. मग लॅक्टेटकडे इंधन म्हणून कोण बघणार?

१९६० च्या दशकात एक कोडे पडले. किरणोत्सारी अ‍ॅसिटेट टोचल्यावर मेंदूत ग्लुटामीनच्या दर रेणूमागे ग्लुटामेटपेक्षा (चेतापेशींच्या संदेशवाहक रेणूपेक्षा) जास्त किरणोत्सार सापडला. ग्लुटामीन तर ग्लुटामेटपासूनच बनते, म्हणजे ग्लुटामेटचे साठे दोन असले पाहिजेत, एक मोठा आणि एक लहान, आणि ग्लुटामीन लहान साठ्यातून बनत असले पाहिजे. १९७० च्या दशकाच्या अखेरीस ग्लुटामीन सिंथेटेज (ग्लुटामीन बनवणारे एन्झाइम) अ‍ॅस्ट्रोसाइटमध्ये दिसले आणि लहान साठ्याचा पत्ता लागला.

१९८८ मध्ये माणसांना दृश्य उत्तेजन दिल्यावर दृष्टिकेंद्रातला रक्तप्रवाह आणि ग्लुकोजचा खप सुमारे ५० टक्के वाढला, ऑक्सिजनचा मात्र सुमारे ५ टक्केच. याला 'एरोबिक ग्लायकोलिसिस' (ग्लायकोलिसिस म्हणजे ग्लुकोज पायरुवेटपर्यंत मोडणे) म्हटले गेले आणि गुंता इथेच आहे. काही पाठ्यपुस्तके हाच शब्द पायरुवेट बनून पुढे मायटोकॉन्ड्रियात (पेशीतल्या ऊर्जाकेंद्रांत) जळणाऱ्या ग्लुकोजसाठी वापरतात. मेंदूच्या चर्चेत त्याचा अर्थ उलट: ऑक्सिजन पुरेसा असूनही पायरुवेट जळत नाही, लॅक्टेट बनते. शोधनिबंध वाचताना आधी यातला कुठला अर्थ आहे ते ठरवावे, नाहीतर पुढचा सगळा हिशेब चुकतो.

१९९४ मधली लॅक्टेट शटलची मांडणी या दुसऱ्या अर्थावर उभी आहे. एक ग्लुटामेट आत घेताना अ‍ॅस्ट्रोसाइटमध्ये तीन सोडियम येतात. ते पंपाने बाहेर काढायला एक एटीपी (पेशीचे ऊर्जेचे चलन), ग्लुटामीन बनवायला दुसरा. ग्लायकोलिसिसमधून दोनच एटीपी मिळतात आणि उरलेली दोन लॅक्टेट चेतापेशी जाळते. गणित देखणे आहे, म्हणूनच ते जपून तपासायला हवे. शोषलेले काही ग्लुटामेट अ‍ॅस्ट्रोसाइट स्वतःच जाळते. तिच्याकडे मायटोकॉन्ड्रिया आहेत, म्हणजे पंपाला एटीपी तिथूनही मिळू शकतो. शिवाय मूळ प्रयोग संवर्धित, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेल्या, पेशींवरचे. संवर्धन माध्यमांत ग्लुकोज अनेकदा २५ मिलीमोलर असते, जिवंत मेंदूत १ ते २.५ च्या आसपास.

लॅक्टेट मोजणेही नाजूक काम. रक्तपुरवठा तुटताच काही सेकंदांत ते चढू लागते आणि एटीपी घसरतो. मेंदू आधी काढून मग गोठवला तर आकडा त्या विलंबाचाच असतो. म्हणून प्राण्यांत डोक्यावर केंद्रित मायक्रोवेव्ह देऊन एक-दोन सेकंदांत एन्झाइम्स निकामी करतात, किंवा रक्त वाहत असतानाच कवटीवर द्रव नायट्रोजन ओततात. ओतण्यातही खोलवरचा भाग उशिरा गोठतो, तिथले आकडे कमी भरवशाचे.

२०१५ मध्ये जागत्या उंदरांत उत्तेजनानंतर चेतापेशींनीच थेट जास्त ग्लुकोज घेतल्याचे दिसले. २०१६ मध्ये उंदरांतच अ‍ॅस्ट्रोसाइटमध्ये लॅक्टेट जास्त आणि चेतापेशीत कमी असल्याचे दिसले. हा उतार लॅक्टेट कुठल्या दिशेने जाऊ शकते ते सांगतो. दर मिनिटाला किती जाते, ते त्यातून काढता येत नाही.