सॉलिड डिस्पर्शन: सॅम्पल पाठवण्याआधी

तुमचे औषध आतड्याच्या भिंतीतून सहज पार होते, पण पाण्यात विरघळत नाही, म्हणजेच ते बीसीएसच्या (विरघळणे आणि आतड्यातून पार होणे यांवरून औषधांचे वर्ग पाडणाऱ्या पद्धतीच्या) दुसऱ्या वर्गातले आहे. अशा वेळी आधी कण बारीक करून पाहा. मायक्रोनायझेशनने काम भागत असेल तर तोच मार्ग घ्या. तो स्वस्त आहे आणि औषधाचे स्फटिकरूपही टिकते.

नाही भागले, तर सॉलिड डिस्पर्शन. स्फटिकात रेणू घट्ट बांधलेले असतात आणि विरघळताना ती बांधणी मोडावी लागते. आम्ही ती आधीच मोडून औषध पीव्हीपी, कोपोव्हिडोन किंवा एचपीएमसीएएससारख्या पॉलिमरमध्ये रेणूंच्या पातळीवर पसरवतो. 1961 साली सेकिगुची आणि ओबी यांनी सल्फाथायाझोल युरियाबरोबर वितळवून ही वाट दाखवली. ते मिश्रण स्फटिकी होते. आज बहुतेक काम अमॉर्फस, म्हणजे रेणूंची ठरीव मांडणी नसलेल्या, रूपावर चालते.

औषध अमॉर्फस करणे सोपे, तसे राखणे अवघड. इंडोमेथासिनचेच पाहा. ते 160 अंश सेल्सिअसच्या आसपास वितळते आणि झटकन थंड केले की काचेसारखे गोठते. पण या काचेचे टीजी, म्हणजे ती मऊ पडू लागण्याचे तापमान, जेमतेम 45 अंशांच्या घरात असते. त्यामुळे नुसते ठेवून दिले तरी त्यात पुन्हा स्फटिक धरू लागतात. पुरेसे पीव्हीपी घातले की टीजी चढते आणि रेणूंची हालचाल मंदावते. मात्र पीव्हीपी हवेतली ओल ओढून घेते आणि ओलीमुळे टीजी परत उतरते. म्हणून पॅकिंग कोणते, हे फॉर्म्युलेशनबरोबरच ठरवा, असा आमचा आग्रह असतो.

उष्णता सोसणाऱ्या औषधाला हॉट मेल्ट एक्स्ट्रुजन (औषध आणि पॉलिमर एकत्र तापवून, मळून दाबाने बाहेर काढणे) बरे, कारण त्यात सॉल्व्हंट लागत नाही. बाकीच्यांना स्प्रे ड्रायिंग, म्हणजे दोन्ही सॉल्व्हंटमध्ये विरघळवून फवारत वाळवणे. तिथे उरलेले सॉल्व्हंट मोजावेच लागते: आयसीएचची (औषधांचे आंतरराष्ट्रीय निकष ठरवणाऱ्या संस्थेची) मर्यादा मिथेनॉलसाठी 3000 पीपीएम (दशलक्षात 3000 भाग), डायक्लोरोमिथेनसाठी 600.

डीएससीत, म्हणजे सॅम्पल तापवत त्यात शिरणारी उष्णता मोजणाऱ्या चाचणीत, वितळण्याचे शिखर दिसले नाही, एवढ्यावर आम्ही सॅम्पल पास करत नाही. तापवताना औषध पॉलिमरमध्ये विरघळूनही ते शिखर नाहीसे होते. म्हणून एक्सआरडी, म्हणजे क्ष-किरणांनी स्फटिक शोधणारी चाचणी, करतोच. डिसोल्युशनही (औषध किती विरघळते ते) कमी माध्यमात, नॉन-सिंक स्थितीत, म्हणजे सगळे औषध सहज मावणार नाही इतक्या कमी द्रवात तपासतो. विरघळलेले औषध पुन्हा खाली बसते का, हे तिथेच कळते.

सॅम्पलसोबत वितळबिंदू, उष्णतेतली स्थिरता, चालणारी सॉल्व्हंट आणि डोस कळवा. डोस विसरू नका. 400 मिलिग्रॅम औषध 25 टक्के प्रमाणात बसवले, तर डिस्पर्शनच 1600 मिलिग्रॅम होते. एका गोळीत ते मावत नाही, तेव्हा एका डोसला दोन-तीन गोळ्या चालतील का, हे आधीच ठरवून या.