संशय (न्यायदर्शन)

संशय : न्यायदर्शनाने (तर्क व वाद यांचा विचार करणाऱ्या भारतीय दर्शनाने) मानलेल्या सोळा पदार्थांपैकी (विवेच्य विषयांपैकी) प्रमाण (ज्ञानाचे साधन) व प्रमेय (ज्ञानाचा विषय) यांच्यानंतरचा तिसरा पदार्थ. एकाच धर्मीच्या (गुणधर्म धारण करणाऱ्या वस्तूच्या) ठिकाणी परस्परविरुद्ध धर्म (गुणधर्म) भासवणारे, पण कोणत्याही एका बाजूस न ठरणारे ज्ञान म्हणजे संशय. अंधुक प्रकाशात दूरवर काही उंच दिसते आणि ‘हा खांब की माणूस?’ असे वाटते, हे त्याचे रूढ उदाहरण. कोणा व्यक्तीवर घेतला जाणारा संशय येथे अभिप्रेत नाही. तसेच संशय म्हणजे अज्ञानही नव्हे. जे मुळीच ठाऊक नाही त्याविषयी संशय येत नाही. वरील उदाहरणात समोर काहीतरी आहे व ते उंच आहे, एवढे पक्के असते. खांब (मूळ शब्द स्थाणू, म्हणजे झाडाचा खुंटही) आणि माणूस दोन्ही पूर्वी पाहिलेले असतात. माणसाचे हातपाय, खांबाचा वाकडेपणा व ढोली हे विशेष आठवतात, पण दिसत मात्र नाहीत.

संकल्पनेच्या उगमाविषयी एकमत नाही. चरकसंहितेच्या विमानस्थानात (अध्याय ८) वैद्यांच्या वादासाठी दिलेल्या संज्ञांमध्ये संशय येतो. तेथील उदाहरण अकालमृत्यूचे आहे : दीर्घायुष्याची लक्षणे असलेले व नसलेले, उपचार घेणारे व न घेणारे, अशी सर्व तऱ्हेची माणसे लवकर मरतानाही दिसतात आणि पुष्कळ जगतानाही; तेव्हा अकालमृत्यू म्हणून काही असतो की नाही? कौटिलीय अर्थशास्त्राच्या शेवटच्या अधिकरणातील (विभागातील) ३२ तंत्रयुक्तींतही (शास्त्रग्रंथाच्या मांडणीच्या पद्धतींतही) संशय आहे. दोन्ही बाजूंनी हेतू (कारणे) संभवतात असा विषय, ही त्याची तेथील व्याख्या. सुरेंद्रनाथ दासगुप्त यांनी न्यायातील वादविद्येचे मूळ वैद्यकीय चर्चांत शोधले. मात्र राज्यशास्त्राच्या ग्रंथातही ही संज्ञा रुळलेली दिसते, हे पाहता ती अनेक शास्त्रांच्या सामाईक परिभाषेतून न्यायात आली असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. न्यायदर्शनाचा मूळ ग्रंथ असलेल्या न्यायसूत्रांचा काळ सामान्यतः इ. स. दुसऱ्या शतकाच्या आसपास धरतात; काही भाग नंतरचा असावा. बौद्ध तत्त्वज्ञ नागार्जुनाच्या नावावरील वैदल्यप्रकरणात सोळाही पदार्थांचे खंडन आहे, पण तो ग्रंथ तिबेटी भाषांतरातच उरला असून त्याच्या कर्तृत्वाविषयीही वाद असल्याने कालनिर्णयाला त्याचा आधार बेताचाच.

न्यायसूत्र १.१.२३ मध्ये संशयाला ‘विशेषाची अपेक्षा असलेला विमर्श’ (विशेष म्हणजे फरक दाखवणारे लक्षण, विमर्श म्हणजे दोलायमान विचार) म्हटले असून पाच गोष्टींचा कारण म्हणून निर्देश केला आहे. (१) समान धर्म : खांब व माणूस यांची उंची. (२) अनेकधर्म, म्हणजे इतरत्र न आढळणारा असाधारण धर्म : शब्द विभागातून उत्पन्न होतो, हे वैशिष्ट्य द्रव्य, गुण वा कर्म यांपैकी कशातच अन्यत्र दिसत नाही, म्हणून शब्द यांपैकी कोण, असा प्रश्न पडतो. (३) विप्रतिपत्ती (परस्परविरोधी मते) : एक दर्शन आत्मा आहे म्हणते, दुसरे नाही म्हणते, आणि ऐकणाऱ्याजवळ निर्णायक हेतू नसतो. (४) उपलब्धीची (जाणवण्याची) अव्यवस्था (निश्चित नियम नसणे) : तळ्यात दिसते ते पाणी खरे, मृगजळात दिसते ते खोटे. (५) अनुपलब्धीची (न जाणवण्याची) अव्यवस्था : जमिनीखालचे मूळ असूनही दिसत नाही आणि जे उपजलेच नाही तेही दिसत नाही.

यावरून संशयाचे प्रकार पाच की तीन, हा वाद उभा राहिला. भाष्यकार वात्स्यायन (बहुधा पाचवे शतक) पाच मानतो. पहिल्या दोहोंचे कारण ज्ञेयात असते, शेवटच्या दोहोंचे ज्ञात्यात. म्हणून त्यांचा वेगळा उल्लेख, असे तो सांगतो. वार्तिककार उद्योतकर (सहावे-सातवे शतक) तीनच मानतो. त्याच्या मते उपलब्धि-अनुपलब्धींची अव्यवस्था ही स्वतंत्र कारणे नव्हेत, तर तिन्ही प्रकारांना लागणारी अट आहे : साधक (सिद्ध करणारे) वा बाधक (खोडून काढणारे) प्रमाण हाती नसले पाहिजे. खऱ्याचीही उपलब्धी होते आणि खोट्याचीही, एवढ्यावर संशय येऊ लागला तर कोणताच निर्णय टिकणार नाही. वाचस्पतिमिश्रांनी हीच बाजू घेतली. सूत्राची शब्दरचना भाष्यकाराला अनुकूल असली, तरी दुसऱ्या अध्यायाच्या आरंभी सूत्रकारानेच विचारात घेतलेला ‘संशय कधी संपणारच नाही’ हा आक्षेप उद्योतकराच्या मांडणीत अधिक सहज सुटतो. न्यायाला जवळचे असलेल्या वैशेषिक दर्शनाचे अनुयायी आणखी काटछाट करतात; त्यांच्या मते संशय समान धर्मातूनच येतो.

असाधारण धर्मातून येतो तो वैशेषिकांच्या मते संशय नव्हे, तर अनध्यवसाय (वस्तू काय आहे हेच न ठरणे). वैशेषिक भाष्यकार प्रशस्तपादाचे उदाहरण वाहीक देशातील (पंजाबाकडील) माणसाचे. त्याने फणस कधी पाहिलेला नसतो. झाड आहे, रंग असा आहे, हे त्याला कळते, पण ‘हे काय?’ याच्या पुढे तो जात नाही. संशयात दोन पर्याय समोर असतात, अनध्यवसायात एकही नाही. विपर्ययात (भ्रमात) चुकीचा का होईना, निश्चय असतो. तर्क एका बाजूस झुकतो. ज्या संशयात एक कोटी (बाजू) दुसरीपेक्षा प्रबळ असते त्याला पुढे संभावना म्हटले गेले.

अनुमानाविरुद्ध संशय किती ताणता येतो, यावर पुढे मोठी चर्चा झाली. धूर व अग्नी नेहमी एकत्र दिसले, तरी अन्य देशी, अन्य काळी धूर अग्नीवाचून असेल, ही अनुमान न मानणाऱ्या चार्वाकांची शंका. उदयनाचार्यांनी (त्यांच्या लक्षणावली या ग्रंथातील श्लोकावरून इ. स. ९८४–८५, हा पाठ सर्वमान्य नाही) न्यायकुसुमांजलीत उत्तर दिले की अन्य देश-काळ कळतात तेच मुळी अनुमानाने, आणि शंकेची मर्यादा व्याघातापर्यंतच (शंका घेणाऱ्याच्याच वागण्याशी येणाऱ्या विरोधापर्यंतच). श्रीहर्षाने खंडनखंडखाद्यात त्यांचाच श्लोक थोडे शब्द बदलून त्यांच्यावर उलटवला : व्याघात असेल तर शंकाही असणारच, मग तो तिची मर्यादा कसा? मिथिलेच्या गंगेशाने (चौदावे शतक) वाद आचरणावर आणला. धूर हवा असलेला माणूस विस्तवच पेटवतो, भूक लागलेला जेवायलाच बसतो. स्वतःच्या कृतीला बाध येईल अशी शंका खरोखर कोणी घेत नाही. अनुमानापूर्वी साध्याविषयी (जे सिद्ध करायचे त्याविषयी) संशय हवाच, हे जुने मतही गंगेशाने सोडले. घरात बसलेल्याला गडगडाट ऐकताच मेघाचे ज्ञान होते. त्याआधी त्याला कसलाही संशय नसतो.

मीमांसेच्या (वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या दर्शनाच्या) अधिकरणरचनेत (एकेका प्रश्नाच्या चर्चेच्या मांडणीत) संशय हे दुसरे अंग आहे. योगसूत्रांत (१.३०) तो चित्ताच्या नऊ अंतरायांपैकी (अडथळ्यांपैकी) एक. गीतेत संशयी माणसाच्या नाशाविषयी जे सांगितले आहे (४.४०) त्याचा रोख अश्रद्धेवर असून न्यायातील संशयाशी त्याची गल्लत करू नये.

भीमाचार्य झळकीकर यांच्या न्यायकोशात संशयाची विविध लक्षणे एकत्र मिळतात; वासुदेवशास्त्री अभ्यंकरांनी सुधारलेली त्याची आवृत्ती पुण्यात १९२८ मध्ये निघाली. अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रह या प्राथमिक पाठ्यग्रंथात मात्र संशयाला एक लक्षण व एक उदाहरण एवढीच जागा असल्याने, केवळ त्या वाटेने न्यायाकडे येणाऱ्याला पाच-तीनच्या वादाची गाठ पडत नाही.