उतारा कशावर आहे आणि कशावर नाही

मान एका बाजूला वळलेली, बुबुळं वर गेलेली, दातखीळ बसलेली. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या जुन्या वाड्यांत असं कोणी दिसलं, की 'बाहेरचं आहे, उतारा टाका' म्हणणारी एखादी आजी अजूनही निघते. त्यात रुग्ण पूर्ण शुद्धीवर असतो, म्हणजे तिची खात्रीच! पण त्याला हॅलोपेरिडॉलसारखी मानसिक आजाराची गोळी चालू असेल, तर कारण बहुधा त्या गोळीतच सापडतं. ती मेंदूतल्या डोपामिन या रसायनाचं काम रोखते, म्हणून भास आवरतात. पण हालचालींचा तोल राखणारं डोपामिनही त्यातच सापडतं आणि स्नायू आखडतात. नेहमीच्या डोसावरसुद्धा हे होऊ शकतं. दवाखान्यात प्रोमेथाझिनचं इंजेक्शन मिळालं, की बहुतेकदा अर्ध्या तासात मान सरळ होते.

म्हणजे याला उतारा आहे. पण अशा गोळ्या भरमसाट पोटात गेल्या, तर त्या विषबाधेवर मात्र नाही.

तेव्हा माणूस असा वाकडातिकडा होईलच असं नाही, नुसता झोपलेलाही दिसेल. 'रात्रभर जागा होता, झोपू द्या त्याला' हे वाक्य मला दातखिळीपेक्षा भयंकर वाटतं. क्वेटियापिन, ओलान्झापिन यांसारखी मानसिक आजारांवरची औषधं डोपामिनवर थांबत नाहीत. मेंदूला जागं ठेवणारं हिस्टामिन अडलं की गुंगी येते. रक्तवाहिन्या सैलावल्या की रक्तदाब उतरतो आणि नाडी धावू लागते. काही औषधं हृदयाच्या पेशींतून पोटॅशियम बाहेर पडण्याची वाटही अडवतात. मग प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाला सावरायला जास्त वेळ लागतो आणि एकाएकी ठोके बेताल होऊ शकतात. हे बाहेरून कळत नाही. त्यासाठी ईसीजी लागतो, आणि तोही पुन्हा पुन्हा.

डायलिसिसने ही औषधं फारशी निघत नाहीत, कारण ती रक्तात न राहता शरीरभर मुरलेली असतात. उपचार म्हणजे श्वास राखणं, सलाइन देणं, ठोके बिघडले तर मॅग्नेशियम, झटके आले तर ते थांबवणारं इंजेक्शन. रक्तदाब सावरला नाही, तर नॉरअॅड्रेनलिन देतात. साधं अॅड्रेनलिन इथे उलटून रक्तदाब आणखी पाडू शकतं. पोटातलं औषध शोषून धरणारा औषधी कोळसा पहिल्या तासाभरातच खरा उपयोगी, तोही रुग्ण शुद्धीत असला तरच.

घरी मिठाचं पाणी पाजून ओकारी काढू नये; गुंगीत ते फुप्फुसात जातं. कुशीवर वळवावं, 108 ला फोन करावा आणि गोळ्यांची रिकामी पाकिटंही सोबत न्यावीत. 'लोक काय म्हणतील' म्हणून डोकेदुखीच्या गोळ्या होत्या असं सांगितलं, तर डॉक्टर भलतंच विष शोधत बसतात.