मुरलेली जाळी

शाळेत आपण घोकलेलं असतं की उत्प्रेरक अभिक्रियेचा वेग वाढवतो आणि स्वतः होता तसाच राहतो. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या किंवा तळोज्याच्या रसायन कारखान्यात पाळी करणाऱ्याला हे वाक्य ऐकवलं, तर तो हसेल. ‘कॅटॅलिस्ट’ दमतो, त्याला विषबाधा होते, त्याचा चार्ज, म्हणजे भरलेला साठा, बदलावा लागतो, हे तिथे रोजचंच आहे.

‘कॅटॅलिसिस’ हा शब्द स्वीडनच्या बर्झेलियसने १८३५ मध्ये दिला. त्याआधी १८२३ मध्येच जर्मन रसायनशास्त्रज्ञ डोबरायनरने सच्छिद्र प्लॅटिनमवर हायड्रोजनचा झोत सोडून ज्वाला पेटवून दाखवली होती. धातू संपत नाही, म्हणजे तो बदलतही नाही, अशी समजूत तेव्हापासून रुजली. पुढे अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ लँगम्यूरने पृष्ठभागाचं गणित मांडलं. त्याच्या चित्रात पृष्ठभाग म्हणजे बुद्धिबळाचा पट: घरं ठरलेली, रेणू येऊन बसतात, भिडतात, उठून जातात. १९३२ चं नोबेल त्याला पृष्ठभागाच्या रसायनशास्त्रासाठीच मिळालं आणि ते योग्यच होतं. फक्त पट स्वतः हलत नाही, हे त्यात गृहीत होतं.

कारखान्यातली जाळी मात्र वेगळंच सांगत होती. नायट्रिक आम्ल बनवताना अमोनिया आणि हवा ८५०-९०० अंश सेल्सिअसला प्लॅटिनम-ऱ्होडियमच्या बारीक जाळीतून जातात, तीच इथली उत्प्रेरक; आरपार जायला सेकंदाचा हजारावा भागही पुरतो. नवी जाळी गुळगुळीत, चकचकीत असते आणि नेमकी तेव्हाच ती मन लावून काम करत नाही. काही दिवस चालली की तारेवर फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे फुगवटे येतात, चकाकी जाऊन ती करडी पडते आणि उतारा वाढतो. लोणच्यासारखी जाळीही मुरावी लागते म्हणा ना.

हे असं का होतं, ते अणूंच्या पातळीवर समजायला बराच काळ गेला. जर्मनीत गेरहार्ड एर्टल यांनी प्लॅटिनमच्या एकाच स्फटिकाचा एक चौकोनी छेद घेतला. स्वच्छ असताना त्याच्या वरच्या थरातले अणू षटकोनी मांडणीत दाटीने बसतात. कार्बन मोनॉक्साइड पुरेसा चिकटला की ते सरकून चौकोनी मांडणीत येतात. चौकोनी पृष्ठभागाला ऑक्सिजन सहज धरता येतो, तो कार्बन मोनॉक्साइडला जाळून टाकतो, जागा मोकळी होते आणि अणू पुन्हा षटकोनात परततात. म्हणजे अभिक्रिया पट बदलते आणि बदललेला पट अभिक्रियेला चालू-बंद करतो. १९९० च्या सुमारास प्लॅटिनमच्याच दुसऱ्या एका छेदावर फिरणाऱ्या सर्पिल लाटांची चित्रंही टिपली गेली. २००७ चं नोबेल एर्टल यांना मिळालं.

तरी हे प्रयोग जवळजवळ निर्वातात झालेले. वायू भरलेला असतानाच कण पाहता येतील अशा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने २००२ मध्ये डॅनिश संशोधकांनी झिंक ऑक्साइडवरचे तांब्याचे कण न्याहाळले. मेथॅनॉल बनवायला वापरतात तीच ही जोडी. हायड्रोजनमध्ये पाण्याची वाफ मिसळली की कण गोलसर होत, कार्बन मोनॉक्साइड मिसळला की चपटे पसरत. वायू बदलला की आकार पुन्हा पहिल्यासारखा.

जाळीच्या मुरण्याची किंमतही असते. त्या तापमानाला प्लॅटिनम ऑक्साइड होऊन थोडं थोडं उडून जातं. म्हणून खाली पॅलेडियमची दुसरी जाळी लावतात. ती उडालेलं प्लॅटिनम पकडते. सराफाच्या दारची माती धुऊन सोनं काढणारा झारेकरी करतो, तेच काम. मुदत संपली की दोन्ही जाळ्या उतरवून धातू गाळायला जातात आणि हिशेब ग्रॅमात होतो.