बॅटची उभी चीर आणि आडवी चीर

यॉर्कर बॅटच्या अगदी तळाशी बसला, हाताला झिणझिण्या आल्या आणि नेहमीच्या खणखणीत 'टक्' ऐवजी फुटक्या मडक्यासारखा आवाज आला, की फलंदाज बॅट उलटी धरून तिचा तळ निरखू लागतो. तिथे बहुधा केसाएवढी बारीक रेघ दिसते. ही रेघ तळापासून वर, लाकडाच्या रेषांना समांतर गेली असेल, तर बॅट घरच्या घरी दुरुस्त होऊ शकते आणि पुढचे एक-दोन हंगाम सहज चालू शकते. तीच रेघ लाकडाच्या रेषांना छेदून आडवी गेली असेल, तर कितीही गोंद ओतला तरी ती पुन्हा उघडते. लाकूड तेच आणि चेंडूही तोच असताना दोन चिरांच्या नशिबात एवढे अंतर का, याचे उत्तर लाकडाच्या रचनेत आहे.

बॅटचे लाकूड विलोचे. इंग्लिश विलो म्हणून जो ओळखला जातो तो पांढऱ्या विलोचा 'सीरुलिया' हा प्रकार. आपल्या मैदानांवर मात्र काश्मिरी विलोच्या बॅटीच अधिक दिसतात, ज्यांचे कारखाने अनंतनाग जिल्ह्यात संगम आणि बिजबेहारा परिसरात महामार्गाच्या कडेने पसरलेले आहेत. हे लाकूड सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तर भाताच्या पेंढ्याची मोळी आठवते: खोडातून पाणी वर नेणाऱ्या पोकळ वाहिन्या आणि लांबट तंतुपेशी, सगळ्या एकाच दिशेने उभ्या. पेशींच्या भिंती सेल्युलोजच्या, आणि त्यांना एकमेकींशी चिकटवून धरणारा मसाला मुख्यतः लिग्निनचा. ही मोळी लांबीच्या दिशेने ओढून तोडायची, तर एकेक तंतू तुटावा लागतो. पण मोळी उभी उसवायची, तर फक्त मधला मसाला सुटला की पुरे. म्हणूनच तंतूंच्या दिशेने लाकडाची ओढ सोसण्याची ताकद आडव्या दिशेपेक्षा वीसपटीहूनही जास्त भरू शकते. सरपण फोडणारा माणूस कुऱ्हाड ओंडक्याच्या कापलेल्या तोंडावर घालतो, बाजूवर नाही, यामागे हेच ज्ञान आहे.

आता आघाताचा हिशोब पाहू. सुमारे 160 ग्रॅमचा चेंडू ताशी 100 किलोमीटर वेगाने आला आणि तेवढ्याच वेगाने परत गेला असे धरले, तर त्याच्या वेगातला एकूण बदल सेकंदाला सुमारे 56 मीटर होतो. चेंडू आणि बॅट यांचा स्पर्श जेमतेम एका सेकंदाच्या हजाराव्या भागाइतका टिकतो, त्यामुळे सरासरी बल निघते 9,000 न्यूटनच्या आसपास, म्हणजे जवळजवळ 900 किलो वजनाच्या भाराइतके. हा भार चेंडू जिथे टेकतो त्या रुपयाएवढ्या जागेवर पडतो. कारखान्यात बॅटचा दर्शनी भाग रुळाखाली दाबतात तो यासाठीच. पृष्ठभागालगतच्या पोकळ वाहिन्या चिरडून तिथे काही मिलिमीटर जाडीची कठीण साल तयार होते, आणि तिच्या खालचे मऊ, हवेशीर लाकूड स्प्रिंगचे काम करते. तळाशी परिस्थिती वेगळी असते. पात्याचे लाकूड तिथे पातळ होत गेलेले असते, तंतूंची टोके उघडी पडलेली असतात आणि मोळी बांधून धरायला पुढे लाकूडच उरलेले नसते. शिवाय तळापासून साधारण 15 सेंटिमीटर वर बॅटच्या कंपनाचा एक शांत बिंदू असतो. चेंडू तिथे बसला तर हाताला काही जाणवत नाही, पण थेट तळावर बसला तर आघाताची बरीच ऊर्जा पात्याला थरथरवण्यात जाते.

तळाचा दुसरा शत्रू पाणी. कापलेल्या टोकातून लाकूड पाणी शोषते ते बाजूच्या पृष्ठभागापेक्षा कितीतरी वेगाने, कारण टोकाला प्रत्येक वाहिनीचे तोंड उघडे असते. मुंबईत 1948 पासून चालत आलेली कांगा लीग ऐन पावसाळ्यात, ओल्या खेळपट्ट्यांवर खेळली जाते. तिथे चेंडूची वाट पाहत बॅट जमिनीवर ठोकणारा फलंदाज प्रत्येक ठोक्याला तळाला थोडे पाणी पाजत असतो. ओलावा वाढला की लाकूड फुगते, वाळले की आकसते, आणि तेही लांबीत जवळजवळ नाहीच, सगळे रुंदीत व जाडीत. हवेतील सापेक्ष आर्द्रता 80 टक्के असेल तेव्हा लाकडातील ओलावा 16 टक्क्यांच्या आसपास स्थिरावतो. विदर्भाच्या उन्हाळ्यात ती 30 टक्क्यांवर आली की 6 टक्क्यांच्या आसपास. तळ आधी सुकतो आणि पोट नंतर, या ओढाताणीत मसाला सैल होतो. बंद गाडीच्या डिकीत मे महिन्यात आठवडाभर पडलेली बॅट एकही चेंडू न खेळता चिरलेली मी पाहिली आहे.

उभ्या चिरेत तंतू तुटलेले नसतात, फक्त एकमेकांपासून सुटलेले असतात. चिरेच्या दोन्ही भिंती म्हणजे तंतूंच्या बाजू. अशा पृष्ठभागावर गोंद उत्तम धरतो, आणि भिंती एकमेकींत तंतोतंत बसतात, त्यामुळे मधला गोंदाचा थर कागदाहून पातळ राहतो. असा सांधा नीट जमला तर पुढच्या वेळी गोंद न सुटता शेजारचे लाकूड फाटते. आडव्या चिरेत मात्र तंतूच तुटलेले असतात आणि तुटक्या टोकासमोर तुटके टोक उभे असते. नळ्यांच्या उघड्या तोंडांवर लावलेला गोंद आत शोषला जातो, सांध्यावर फारसा उरत नाही, आणि उरला तरी तुटलेल्या तंतूंची ओढ सोसण्याचे काम त्या बिचाऱ्याच्या आवाक्याबाहेरचे असते. बॅटच्या दांड्याकडे पाहा. वेताचा दांडा पात्याला सपाट टोकावर चिकटवलेला नसतो. तो लांब पाचरीच्या आकारात पात्याच्या खाचेत उतरवलेला असतो. इंग्लंडमधील सेव्हर्न रेल्वे बोगद्याचे अभियंता चार्ल्स रिचर्डसन यांना या जोडाचे श्रेय दिले जाते. पाचरीमुळे टोकाचा सांधा बाजूचा सांधा होतो, आणि गोंदाला त्याच्या सवयीचे काम मिळते.

माझ्या बॅटला गेल्या हिवाळ्यात तळापासून चार बोटे वर गेलेली उभी चीर पडली. अशा वेळी तेल लावून ठेवण्याचा मोह होतो, तो टाळायचा. चिरेत तेल गेले की पाण्यावर आधारलेला गोंद तिथे धरत नाही. चिरेच्या आत पॉलिश पेपरही फिरवायचा नाही, कारण एकमेकींत बसणाऱ्या भिंती एकदा घासल्या की पुन्हा तशा बसत नाहीत. मऊ ब्रशने माती काढली, तळ दोन्ही अंगठ्यांनी हलकेच ताणून चीर किंचित उघडली आणि औषधाच्या दुकानातून आणलेल्या सिरिंजने सुतारी पांढरा गोंद, थेंबभर पाण्याने सैल करून, आत सोडला. मग एक्स-रेच्या जुन्या फिल्मची पट्टी चिरेत आतबाहेर सरकवत राहिलो, तोवर की पाठीमागच्या बाजूने गोंदाचे पांढरे मणी ओळीने बाहेर आले. पलीकडून गोंद दिसल्याशिवाय तो आतपर्यंत पोहोचला असे समजू नये.

हा गोंद म्हणजे पाण्यात तरंगणारे पॉलीव्हिनाइल अ‍ॅसिटेटचे सूक्ष्म कण. ते प्रकाश विखुरतात म्हणून तो दुधासारखा पांढरा दिसतो. लाकूड पाणी ओढून घेते, कण एकमेकांत मिसळून सलग पापुद्रा बनतो आणि पांढरेपणा जातो. साधा फेव्हिकॉल ओलाव्याने पुन्हा मऊ पडू शकतो, म्हणून तळाच्या दुरुस्तीला पाण्याला दाद न देणारा 'मरीन' प्रकार घ्यावा. झटपट चिकटणारे सायनोअ‍ॅक्रिलेट गोंद कडक पण ठिसूळ असतात आणि आघात त्यांना मानवत नाही. लहान कपची जागेवर बसवण्यापुरते ते ठीक. एम-सीलसारखा लगदा खड्डा भरतो, पण पातळ चिरेत तो शिरतच नाही.

दाब देण्यासाठी शिकंजा नसेल तर सायकलची जुनी ट्यूब पुरते, मात्र ती कुठे दाबते हे ओळखून वापरावी. ताणलेली पट्टी वळणावर दाबते, सपाट भागावर नुसती ताणून पडलेली असते. उभी चीर बंद करायला पात्याच्या दोन कडा एकमेकींकडे ढकलाव्या लागतात, आणि ट्यूब नेमकी कडांवरच वळते. पाच किलोच्या ओढीने गुंडाळलेला एक वेढा प्रत्येक कडेवर दहा किलोचा दाब देतो. बारा वेढ्यांत तो 120 किलो होतो. पण दर्शनी भागाची खपली उचलली गेली असेल, तर तीच ट्यूब तिच्यावर काहीच दाब देत नाही. तिथे खपलीवर प्लॅस्टिकचा कागद, त्यावर अर्धगोल लाकडी पट्टी आणि मग वेढे, अशी रचना करावी लागते. बाहेर आलेला गोंद ओल्या फडक्याने पुसून बॅट चोवीस तास तशीच ठेवायची. तासाभराने उघडून पाहण्याची उत्सुकता आवरणे हा या कामातला सर्वांत अवघड भाग आहे.

वाळल्यावर आधी मध्यम, मग बारीक पॉलिश पेपर तंतूंच्या दिशेने फिरवावा आणि चिरेवर फायबर टेप लावावी. क्रिकेटच्या नियमावलीतील पाचव्या नियमानुसार पात्यावरील असे आवरण 1 मिलिमीटरपेक्षा जाड चालत नाही, आणि दुरुस्तीसाठी पात्यात काही घालायचे तर ते लाकूडच हवे, सोबत अगदी गरजेपुरता गोंद. स्क्रू किंवा खिळा ठोकणे नियमातही बसत नाही आणि शहाणपणातही. खिळा म्हणजे मोळीत घातलेली नवी पाचरच. टेपचे थरांवर थर चढवू नयेत, याला आणखी एक कारण आहे. मनगटापासून 80 सेंटिमीटरवर वाढलेले 20 ग्रॅम वजन बॅट फिरवताना 20 सेंटिमीटरवरच्या तेवढ्याच वजनापेक्षा सोळापट जड भासते, कारण इथे अंतराचा वर्ग मोजला जातो.

तेल आता लावावे, तेही उघड्या लाकडावर आणि पातळ. कच्चे जवसाचे तेल हवेतील ऑक्सिजनशी संयोग पावून घट्ट होते आणि ओलाव्याची ये-जा मंदावते. या क्रियेत उष्णता बाहेर पडते, म्हणून तेलाने भिजलेली फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नयेत; ती आपोआप पेट घेऊ शकतात. मोकळ्या हवेत पसरून वाळवावीत.

दुसऱ्या दिवशी ट्यूब सोडली तेव्हा चिरेच्या जागी पेन्सिलने ओढल्यासारखी एक फिकट रेघ उरली होती. दांडा दोन बोटांत सैल धरून लाकडी हातोडीने तळापासून वर टकटक करत गेलो. आवाज सगळीकडे सारखा आणि भरीव आला. भेग उरली असती तर तिच्या जवळ तो बद्द झाला असता. पंधरा-वीस मिनिटे हातोडीने हळूहळू ठोकून झाल्यावर जुना, मऊ पडलेला चेंडू काढला आणि पहिली काही षटके भावाला फुलटॉसच टाकायला सांगितले.